आत्याबाई एसटीची पायरी चढल्या

तेर, बुधवार, दिवेलागणीला

सासूबाईंचा, म्हणजे आमच्या आत्याबाईंचा, गुडघा बदलून आणला, पण भीतीनं त्या खाट सोडत नव्हत्या. पाय आखडून बसेल म्हणून मी पावलं मोजणारं घड्याळ त्यांच्या मनगटाला बांधलं. बसून राहिलं की ते थरथरतं. मी त्यांचा जाच तर करत नाही ना, असं रोज वाटायचं.

आज शाळेतून आले तर खाट रिकामी. शोधत स्टँडवर गेले, तर आत्याबाई काठी टेकत एसटीतून उतरत होत्या.

"कुठं गेला होतात, आत्याबाई?"

"कुठंच न्हाय. घड्याळ थरथरलं, म्हणून इथवर चालत आले. कंडक्टरला म्हणलं, थांब जरा, मला पायरी चढून बघायचीय. आता लेकीकडं नळदुर्गला जाता येईल."

परतताना मी मुद्दाम त्यांच्या मागं राहिले. गल्लीला आधी त्या दिसायला हव्या होत्या, स्वतःच्या पायानं चालत येताना.