सुमनचे मोकळे हात

सोम., ३ नोव्हें.
अमळनेरहून धुळ्याची पहिली गाडी चुकली. सुमनला ठेवलंय त्या स्मृतिभ्रंशाच्या केंद्रात पोचेस्तोवर ऊन चढलं. पोटात अन्न जावं म्हणून नाकात घातलेली नळी तिने पुन्हा ओढली होती. म्हणून दोन्ही हात पलंगाच्या दांडीला. रेहाना सिस्टर बांधत होत्या. मला पाहून मान खाली घातली. सुमन त्यांना आपली आई समजते. "मना हात सोड ना वं माय."
बाहेर येऊन सिस्टर म्हणाल्या, "आबा, बँडेजने मनगट सोलतंय. घरून एखादं जुनं सुती पातळ आणा."

बुध., ५
जांभळं नेलं, बारीक काठाचं. हेच नेसून स्नेहसंमेलनात पुढच्या रांगेत बसायची. मी मुलांकडून कविता म्हणवून घेई आणि हिचे ओठ मुलांच्या आधी हलत. सिस्टरनी टर्रकन फाडलं. तो आवाज... असो. पट्ट्या मऊ झाल्या.
पाचवीची एक कविता म्हणून पाहिली. दिवाळीपर्यंत ओळीचा शेवटचा शब्द ती पुरा करायची. आज छताकडे बघत राहिली.

शुक्र., ७
जळगावहून नर्सिंग कॉलेजच्या मॅडम आल्या. नर्सेसचा 'नैतिक क्लेश' मोजतात म्हणे. मनाला न पटणारं करावं लागलं तर त्रास किती, शून्य ते चार. आयुष्यभर मराठी शिकवलं, ही शब्दांची जोडी कधी फळ्यावर लिहिली नाही.
झाडू मारता मारता मावशी म्हणाली, "मन बी मोजतस का वं मॅडम? शुगर मोजतस तसं?" सगळे हसले. मॅडमसुद्धा.
फॉर्मवर 'रुग्णाचे हात बांधणे' यापुढे रेहाना सिस्टरनी शून्यावर खूण केली. मी शेजारीच होतो.

शनि., ८
राहवेना. विचारलं, "काल शून्य कसं हो?"
"नाव लिहायचं नव्हतं, पण या खोल्यांना दिवसपाळीला मी एकटीच. कळणारच. चार लिहिलं तर म्हणतील हिला झेपत नाही, खालच्या मजल्यावर पाठवतील. मग सुमनअक्कांचे हात दुसरं कोणी बांधेल. घट्ट."
मग, माझ्याकडे न बघता, "घरी मुलीची वेणी घालते ना आबा, रिबिनीची गाठ मारवत नाही."
परतीच्या गाडीत खिडकीशी बसलो. कापूस वेचून झालेली शेतं. एकही ओळ आठवली नाही.

मंगळ., ११
नळी पुन्हा निघाली. डॉक्टर म्हणाले, "उद्या सकाळी घालू. नको असेल तर घरच्यांनी तसं सांगा. मग चमच्याने जेवढं जाईल तेवढंच." घरचे म्हणजे मी.
नितीन पुण्याहून फोनवर: "आबा, आईला उपाशी मारायचं का?" त्याचंही खोटं नाही. लेकरूच ते.
सिस्टरना विचारलं, तुमची आई असती तर?
"हे नका ना मला विचारू, आबा."

बुध., १२
सकाळ. इथेच बसून लिहितोय. नळी नाही म्हणून हात मोकळे. सिस्टरनी पेज भरवली. एक चमचा गिळला, दुसरा हनुवटीवरून ओघळला. ठसका लागला.
मग सुमनने हात उचलला. हवेत जरासा चाचपडला, आणि तिने आपलं नाक खाजवलं. सावकाश. डोळे मिटून, चवीने.
व्हरांड्यात डॉक्टरांचा आवाज येतोय. आत आले की विचारतील. मी अजून