दुसरं तिकीट

नेपरव्हिल, १५ जानेवारी २००६

प्रिय आई,
साष्टांग नमस्कार. बाबांना वाचून दाखवण्याआधी हे पत्र एकदा एकटीने वाच.

मी बरा आहे. कानटोपी घालतो. तुझा गुडघा काय म्हणतो?

काल सौमित्रबरोबर शिकागोला नवा सिनेमा पाहिला, दोन पुरुषांच्या प्रेमाचा. थिएटरबाहेर इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एक काकू भेटल्या. "हा कोण?" म्हणाल्या. मी घाईघाईने म्हणालो, "रूममेट." परतताना ट्रेनमध्ये सौमित्र माझ्या शेजारी न बसता पुढच्या बाकावर जाऊन बसला.

आई, तो नुसता रूममेट नाही.

माझी सिनेमाची तिकिटं तू वहीत चिकटवतेस ना? तीन वर्षं मी एकेकच पाठवत आलो, दुसरं लपवत आलो. या वेळी दोन्ही पाठवतोय.

शेजारी शेजारी चिकटवशील?

तुझाच,
निषाद