उशाशी कोण बसणार?

॥ श्री वीतरागाय नमः ॥

वारणानगर
४ नोव्हेंबर २०२४

चि. रुचितास आत्याचे अनेक आशीर्वाद.

माझ्या पित्ताशयात खडे निघालेत, हे तुझ्या बापानं कळवलं असेलच. तुझ्याच दवाखान्यात अठरा तारखेला ऑपरेशन ठरलंय. फोनवर तू नेहमी घाईत असतेस, म्हणून पत्र. जन्मभर पोरांना पत्रलेखन शिकवलं, ते फुकट जायला नको.

माझी एकच अट. भूल तू द्यायचीस. लहानपणी शाळेतून आलीस की गार हात माझ्या मानेत घालायचीस आणि मी किंचाळायची. तेच हात उशाशी पाहिजेत. पोट कापण्याची मला भीती नाही. पण त्या वेळात मी नसणार, आणि मी नसताना माझ्याकडं कोण बघणार, याची फार भीती वाटते. आमचे हे, म्हणजे तुझे नेमिनाथमामा, हसतात मला, पण देवळातल्या फेऱ्या त्यांनीच वाढवल्यात.

होकार लगेच कळव. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आत्या,
विजयमाला

कोल्हापूर
८ नोव्हेंबर २०२४

ती. विजयमाला आत्यास रुचिताचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग रडले. आत्या, तुला भूल मी देणार नाही. आपल्या माणसाला टोचताना हात कचरतो, आणि आमच्या कामात कचरलेला हात चालत नाही. माझ्या वरिष्ठ डॉ. प्रियदर्शनी देतील.

लोकांना वाटतं, इंजेक्शन दिलं की भूल देणारा चहाला मोकळा. तसं नसतं गं. आम्ही झोप देतो, दुखणं थांबवतो, अंग सैल पाडतो. अंग इतकं सैल पडलं की श्वासही आपला आपण घेता येत नाही, तेवढा वेळ तो आम्ही मशीननं देतो. म्हणून शेवटपर्यंत कुणीतरी उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास बघत असतं. तू नसताना तुझ्याकडं बघणं, हेच आमचं काम.

आदल्या रात्री जेवायचं नाही. तू सूर्यास्तानंतर काही घेतच नाहीस, तुला मी काय शिकवणार! पण सकाळी उठल्यावर पेलाभर साधं पाणी नक्की पी. मी दाराबाहेर असेन, आत नाही.

हवं तर राग धर, पण जीव लावायचं सोडू नकोस.

तुझी रुचिता

वारणानगर
२० नोव्हेंबर २०२४

चि. रुचितास आशीर्वाद.

ऑपरेशनविना परत पाठवलेल्या आत्याचं हे पत्र. तू सगळ्यांदेखत डोळे वटारलेस, म्हणून तिथं गप्प बसले. तू नाही म्हणालीस तेव्हा मनात आलं, उशाशी परकी बाई असणार, तर निदान थोडं पुण्य पदरात बांधून जावं. म्हणून आधीचे दोन दिवस निर्जळी उपवास धरला. तपाचा गवगवा करू नये, म्हणून मामांना म्हटलं, मी आधीच जेवले. पर्युषणात एवढे उपवास करते, दोन दिवसांचं ते काय! पण टेबलापर्यंत पोचायच्या आतच घेरी आली, हाताच्या शिरा दडून बसल्या आणि रक्तदाब घसरला.

तुझ्या प्रियदर्शनीबाई फाडून खातील असं वाटलं होतं. त्यांनी खुर्ची ओढून नीट समजावलं. भुलीच्या औषधानं रक्तदाब आणखी उतरतो, अंगात पाणीच नसेल तर सावरायचं कशाच्या जोरावर? तुमचा उपवास देवाला पोचला, आता आठवडाभर माझ्यासाठी खा-प्या, म्हणाल्या. मामा मात्र परतीच्या वाटेवर कोडोली येईपर्यंत गरजत होते, की उपाशी ऱ्हाऊन खडं पडत असतं तर डॉक्टर कशाला लागला असता!

आता दिवस मावळायच्या आत चारीठाव जेवते. पण रुचिता, बाई चांगली असली तरी परकीच गं. या खेपेला येशील ना आत?

वाट बघणारी,
आत्या

वारणानगर
६ डिसेंबर २०२४

चि. रुचितास भरभरून आशीर्वाद.

टाके सुकले. माझे खडे बाटलीत घालून मामा शेजारच्या बाळासोंना दाखवून आले. मोठे आहेत म्हणून अभिमान!

आणि लबाडे, मला सगळं कळलंय. आत साऱ्यांची तोंडं बांधलेली, नुसते डोळे दिसणार. माझ्या तोंडावर मास्क आला तशी मी घाबरले, उठून पळणारच होते. तेवढ्यात उशाकडून कुणीतरी माझा हात धरला. बर्फासारखा गार हात! मी ओळखलं. तुला बोलणी बसतील म्हणून बोलले नाही, निर्धास्त डोळे मिटले. जागी झाले तेव्हाही तोच हात गालावर होता. तू आलीस, मी भरून पावले.

तुझीच,
आत्या

कोल्हापूर
१० डिसेंबर २०२४

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझ्याशी खोटं बोलवत नाही. तो हात माझा नव्हता. मी बाहेर बाकावर णमोकार म्हणत बसले होते. मामा खाली औषधाच्या दुकानापाशी फेऱ्या मारत होते, म्हणून मी बाहेरच होते हे त्यांनाही ठाऊक नाही. आत गारठा असतो, आम्हा सगळ्यांचेच हात तिथं गार पडतात. हात प्रियदर्शनी मॅडमचा होता. मी त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, मी सगळ्यांचाच धरते.

रागावली नाहीस, एवढं दोन ओळींत कळव.

तुझी रुचिता

वारणानगर
१३ डिसेंबर २०२४

चि. रुचितास आशीर्वाद.

पत्र वाचून आधी फसल्यासारखं वाटलं, मग हसू आवरेना. जिला परकी म्हणून मी पाणीसुद्धा सोडलं, तिच्याच हातात हात देऊन झोपले की मी!

रविवारी बाईंना घेऊन जेवायला ये, दिवस मावळायच्या आत. तुझ्यासाठी लोकरीचे हातमोजे विणत होते, आता आणखी एका जोडाचे टाके घातलेत. आत चालत नसतील तर येता-जाता घाला.

तुम्हा दोघींची,
आत्या