इनारीला सूर्य नव्हता

प्रिय अण्णा,

लहान बहिणीने थोरल्या भावाला त्याच्या वागण्याविषयी लिहावे, अशी आपल्या घरची रीत नाही. ती मी मोडते आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. फोनवर बोलता आले असते, असे तू म्हणशील. पण फोनवर मी कशी बोलते ते तुला ठाऊक आहे. 'हो', 'बरं', 'अव्वाकडे देऊ का?' लिहिताना निदान माझे वाक्य पूर्ण होते. तेव्हा रागावलास तरी शेवटपर्यंत वाच.

आपण फिनलंडच्या उत्तर टोकाच्या इनारीहून परतलो त्याला पंधरा दिवस झाले. या पंधरा दिवसांत तू सहा वेळा फोन केलास आणि सहाही वेळा आप्पा दुकानात असतील अशीच वेळ निवडलीस. आप्पा घरी आले की चप्पल काढता काढता अव्वाला विचारतात, "हेलसिंकीवाल्यांचा फोन आलता का?" तुझे नावसुद्धा घेत नाहीत. अव्वा काल वैतागून म्हणाली, "मी काय ह्या घरातलं पोस्ट ऑफिस हाय का? त्यानं हिकडं टाकायचं, ह्यांनी तिकडनं उचलायचं!" शेजारच्या गुरम्मा काकूंना बर्फाचे फोटो पाहायचे आहेत. गड्ड्याच्या यात्रेसाठी आलेले पाहुणेही तेच विचारतात. फोटो माझ्याकडे दोनशेच्या वर आहेत. मी फोन चार्ज नाही, असे सांगते.

मला तुझा राग आला आहे, अण्णा, हे आधी लिहून टाकते. तुझ्या त्या वेळापत्रकाचा राग आला आहे. नऊला कुत्र्यांची गाडी, बाराला बर्फातली स्कूटर, तीनला रेनडिअर, रात्री आठला आभाळात नाचणारा उत्तरेचा प्रकाश. आणि प्रकाश वेळेवर आला नाही तेव्हा तू घड्याळ पाहिलेस. सगळा खर्च तू केलास, थंडीचे जाड कपडे सगळ्यांच्या मापाचे आणलेस, अव्वासाठी चहाची पावडरसुद्धा आठवणीने घेतलीस. पण त्या लाकडी घरात आपण सहा माणसे सात दिवस राहिलो आणि एकही दिवस नुसते बसलो नाही.

आप्पांचाही राग आला आहे. त्यांचा नेम मला आठवते तेव्हापासून तसाच आहे: पहाटे अंघोळ, कपाळाला विभूती, मग गच्चीवर पूर्वेला तोंड करून सूर्य उगवेपर्यंत उभे राहायचे, त्यानंतर गळ्यातले लिंग तळहातावर घेऊन पूजा, आणि पूजेनंतर पहिला चहा. पावसाळ्यात ढग असले तर उजाडल्याचा अंदाज घ्यायचा. अडतीस वर्षांत चुकले नाही, असे ते सांगतात. तोवर पाणीही नाही, साखरेच्या आजाराची गोळीही नाही. धर्मात सूर्याची अट कुठे आहे, असे तू एकदा विचारले होतेस, तेव्हा ते म्हणाले होते, "धर्मात न्हाई, माझ्यात हाय."

पहिल्या दिवशी ते पाचला उठून, अंघोळ करून खिडकीशी बसले. बाहेर काळोख आणि पडता बर्फ. आठला तू बूट चढवलेस, साडेआठला गाडी दाराशी आली, आणि आप्पा म्हणाले, "उजाडू दे की, येतो." तू म्हणालास, "इथं उजाडेपर्यंत अकरा वाजतात, आप्पा." ते म्हणाले, "मग अकराला येतो." अव्वा त्यांच्यासोबत थांबली. तू, प्रियंका वहिनी, नीला आणि मी निघालो. ढगांमागे उजाडले असे धरून त्यांनी अकराला पूजा केली, मग चहा घेतला. दुसऱ्या दिवशीही तेच. त्या दिवशी तुझा आवाज चढला. "आप्पा, तुम्हीच चालेल म्हणाला होतात की! आता हा हट्ट कशाला?" आप्पांनी विचारले, "काय चालंल म्हणलो होतो मी?" आणि मी मध्ये पडले. ढग आहेत, उद्या आभाळ मोकळे होईल, असे मी दोघांनाही सांगितले. तू माझ्याकडे पाहिलेस आणि घाई होती म्हणून निघून गेलास.

तिसऱ्या दिवशी आभाळ खरोखरच मोकळे झाले. उणे अठ्ठावीस तापमान, डोक्यावर चांदण्यांचा सडा. आप्पांना इतका आनंद झाला की त्यांनी अव्वाला उठवून सांगितले, "आज दिसतोय बघ." आपण चौघे निघालो, आणि अव्वा सांगते, त्यांनी खुर्ची पूर्वेच्या खिडकीशी नेली. दहा वाजता आभाळ निळे झाले. साडेअकराला तांबूस कड दिसली, पण ती दक्षिणेला! आप्पा खुर्ची घेऊन दुसऱ्या खोलीत गेले. बारा वाजले. ती कड लाल झाली, झाडांच्या शेंड्यांवर गुलाबी रंग चढला, आता येईल, आता येईल असे वाटत राहिले. आणि दीडनंतर ती विझू लागली. तू आम्हाला घेऊन परत आलास तेव्हा दोन वाजले होते. आप्पांच्या पोटात अजून पाणीही नव्हते आणि अव्वा त्यांच्यासमोर कडक भाकरी आणि शेंगाचटणीचे ताट धरून उभी होती. नीला बर्फाच्या बुटांसह त्यांच्या मांडीवर चढली आणि म्हणाली, "आज्जा, सूर्य सुट्टीवर गेलाय. आमच्या बाईंनी सांगितलंय. जानेवारीत येणार तो."

पुढचे तुला सांगायला नको, तरी लिहिते. आप्पांनी तिला खाली उतरवले आणि तुला म्हणाले, "पाच वर्साच्या पोरीला ठाऊक हाय. बापाला सांगावंसं वाटलं न्हाई तुला? तीन दिस खिडकीशी बसवून मज्जा बघितलास व्हय रे?" तू माझ्याकडे वळून विचारलेस, "दानू, तू सांगितलं नाहीस?" मी हातमोज्यांकडे पाहत म्हणाले, "मला कुणी काही कळवलं नव्हतं." तुझा फोन तुझ्या हातातच होता. तू तो उघडलास, काही क्षण पाहिलेस, आणि खिशात ठेवून दिलास. आप्पांनी त्या दिवशी दिवाच सूर्य मानून पूजा केली आणि उरलेले चार दिवस तुझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

आता बसव जयंतीला नीलाची लिंगदीक्षा सोलापुरात करायचे ठरले होते, त्यावर तू अव्वाला गुरुवारी म्हणालास, "बघू, सुट्टी मिळणार नाही." अव्वाने नीलाच्या गळ्यातल्या लिंगासाठी चांदीची छोटी डबी करायला टाकली होती. शुक्रवारी सिद्धप्पा सोनार ती घेऊन घरी आले. आप्पांनी डबी उघडून पाहिली, झाकण दोनदा लावले, काढले, आणि त्यांना म्हणाले, "दुसऱ्या कुणाला द्या. आमची नात येत न्हाई." सिद्धप्पा म्हणाले, "मालक, वर 'नी' कोरलंय की. कुणाला देऊ?" अव्वा आत निघून गेली. मी तिथेच पुस्तक हातात धरून बसले होते. घरात काही बिनसले की मी पुस्तक धरते, पान उलटत नाही. आणि सगळे म्हणतात, पोरगी किती शहाणी आहे.

अण्णा, ऑक्टोबरात तू मला जे लिहिले होतेस ते मला पाठ आहे. 'दानू, तिथे त्या दिवसांत सूर्य उगवतच नाही. आप्पांच्या नेमाचं त्यांना आधी नीट विचार. चालत नसेल तर तिकिटं फेब्रुवारीअखेरची करतो. मग तुझं अकलूजच्या कॉलेजात रुजू होणं आडवं येईल, पण तुला पुढच्या वर्षी नक्की नेतो.' मी ते ग्रंथालयात, कपाटांच्या मधल्या बोळात उभी राहून वाचले आणि दहा मिनिटांनी तुला उत्तर पाठवले: 'विचारलं. चालेल म्हणाले.' मी त्यांना काहीच विचारले नव्हते. दहावीच्या सराव परीक्षेत भूगोलात ध्रुवीय रात्रीवरच्या उत्तराला मला पूर्ण गुण मिळाले होते. आप्पांनी तो पेपर दुकानात गिऱ्हाइकांना दाखवला होता. मला सगळे माहीत होते. पण बक्षिसाच्या पुस्तकांत बर्फ पाहत पाहत मी चोवीस वर्षांची झाले होते, आणि पुढचे वर्ष येते यावर माझा विश्वास नव्हता. म्हणून मी तुला खोटे लिहिले, आप्पांना ढग दाखवले, आणि शेवटी दोघांसमोर उभी राहून तुला खोटे पाडले. सर्वांत जास्त लाज मला कशाची वाटते ते सांगू? पहिल्या सकाळी सहा कुत्री ओढत असलेल्या त्या गाडीत बसून मी मोठ्याने हसत होते. आप्पा उपाशी खिडकीशी बसले आहेत, हे मला तासभर आठवलेसुद्धा नाही. तुझे वेळापत्रक, आप्पांचा हट्ट, हे सगळे मी वर इतके घोळवून लिहिले, कारण इथपर्यंत यायला मला वाट सापडत नव्हती.

आज सकाळी आप्पांचा चहा झाल्यावर मी त्यांना तुझे ते शब्द आणि माझे उत्तर दोन्ही वाचून दाखवले. ते ओरडले असते तर बरे झाले असते. त्यांनी फोन हातात घेऊन स्वतः वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले. मग म्हणाले, "त्याच्याकडं हे होतं, अन् दावलं न्हाई त्यानं? तुझ्यापायी?" मी मान हलवली. मी तुला फोन लावते म्हटले तर म्हणाले, "नगं. फोनवर तू परत गप बसशील, अन् मी काय तोंडानं बोलू त्याच्याशी? लिही. तुला लिवायला येतंय की, बक्षिसं घेतलीस." म्हणून हे पत्र, अण्णा. दीक्षेचा दिवस तू ठरवायचा आहेस, असेही त्यांनी लिहायला सांगितले आहे. बसव जयंती जमत नसेल तर तुझ्या सुट्टीप्रमाणे. सिद्धप्पांकडून डबी परत आणायला ते आत्ताच गेले होते, आता माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आहेत. तुझ्या मेलवर पाठवण्याआधी खाली तारीख आणि तास-मिनिट घाल म्हणतात. "उद्या कुणी म्हणायला नगं, मला कुणी काही कळवलं नव्हतं."

तुझीच, क्षमेची वाट पाहणारी,
दानेश्वरी

सोलापूर, रविवार, ११ जानेवारी २०२६, सकाळी अकरा वाजून सतरा मिनिटे