कडेचं बटण

साहेब,

डॉक्टरकीचा परवाना टिकवायचा म्हणून तेच व्याख्यान आज पुन्हा, तिथे जाऊन ऐकतेय. काल घरबसल्या झालं असतं. पेशंटचा फोन आला म्हणून उठले, तुला एवढंच सांगितलं की स्क्रीनवर हजेरीचं बटण आलं की दाब. तू ढिम्म बसून राहिलास आणि माझी हजेरी बुडाली. या वयात शाळकरी पोरीसारखी हजेरी लावायची, त्याचाच आधी वैताग.

वर म्हणतोस, बटण आलंच नाही. आलं होतं, चांगलं तळहाताएवढं, उजव्या कडेला. मला दारातून दिसलं, येऊन दाबेपर्यंत गेलं. रागाने जेवतानाही बोलले नाही तुझ्याशी.

सकाळी डोक्यात प्रकाश पडला. व्याख्यान काचबिंदूवर होतं. त्यात आधी कडेचंच दिसेनासं होतं.

संध्याकाळी दवाखान्यात ये, डोळे तपासते. भांडण नंतर. चालत ये, गाडीची किल्ली मी नेलीय.