खडे असलेला तांदूळ परत सुरू करण्याबाबत

प्रति,
मा. तपासणी अधिकारी (वृद्धगृहे),
जिल्हा कार्यालय, भंडारा.

अर्जदार: टिकाराम गोमाजी बोरकर, निवृत्त ग्रामसेवक, मूळ राहणार दिघोरी, हल्ली मुक्काम वृद्धगृह, तुमसर.

विषय: स्वच्छ तांदूळ बंद करून पूर्वीप्रमाणे खडे असलेला तांदूळ मिळण्याबाबत.

संदर्भ: १) आपला उन्हाळ्यातील तपासणी अहवाल. २) अन्नात खडे मिसळल्याबद्दल व्यवस्थापकांनी अर्जदारास दिलेली नोटीस.

महोदय,

१. अर्जदार हयातभर दुसऱ्यांचे अर्ज लिहीत आला. स्वतःसाठी हा पहिलाच, आणि तोही धड स्वतःसाठी नाही. एका बैठकीत लिहिणे झेपले नाही, म्हणून अक्षर मध्येच बदलले आहे.

२. या गृहातील बायका रोज सकाळी ओसरीवर सुपे घेऊन बसत व गिरणीतून आलेला तांदूळ निसत. निसणे म्हणजे निवडणे. आपण पुण्याकडचे, म्हणून खुलासा केला. त्यांत देवकाबाई लांजेवार या म्होरक्या. हे काम कोणाच्या सांगण्यावरून करता, असे आपण त्यांना तपासणीच्या दिवशी विचारले. त्या म्हणाल्या, "कोनाच्याच नाई जी. मले रोज तांदूळ निसा लागते." आपण अहवालात लिहिले की वृद्धेला रोज तांदूळ निवडावे लागतात. अक्षराला अक्षर बरोबर आहे. पण साहेब, आमच्याकडे माणसाला चहा लागते, तंबाखू लागते, तसले ते लागते होते. ती सक्ती नव्हती, तलफ होती.

३. अहवालावरून सुपे जमा झाली आणि मशीनवर साफ केलेला तांदूळ येऊ लागला. आपला हेतू चांगला होता, याबद्दल कोणाचे दुमत नाही. परंतु तेव्हापासून ओसरीवर कोणी कोणाशी बोलत नाही, भांडतसुद्धा नाही. त्या बायकांतल्या शकुनबाई दिवसाउजेडी झोपतात. देवकाबाई भिंतीकडे तोंड करून पडून असतात. डॉक्टरांनी भुकेचे औषध दिले. औषध त्यांनी घेतले, जेवल्या मात्र नाहीत. उठा म्हटले तर म्हणतात, "उठून काय करू जी?"

४. सबब अर्जदाराने आवारातून बारीक खडे वेचले, धुतले, आणि स्वयंपाकघरातून आणलेल्या तांदळात मिसळून ताट देवकाबाईंच्या खाटेवर ठेवले. पाहून द्या जी, मले दिसत नाई आजकाल, असे खोटे सांगितले. त्या उठून बसल्या. "गिरणीवाल्याचे डोळे फुटले का काय?" म्हणत त्यांनी गिरणीवाला, अर्जदार व सरकार या तिघांचा उद्धार केला. त्या दिवशी त्या भात जेवल्या आणि मीठ कमी असल्याची तक्रारही केली. पुढे हे रोजचेच झाले. निसलेला तांदूळ अर्जदार परत पातेल्यात टाकत असे. असाच एक खडा नजरेतून सुटला व व्यवस्थापकांच्या दाढेखाली आला.

५. नोटीस मिळाली. अर्जदारास गुन्हा कबूल आहे. त्याने खडे टाकणे बंद केले आणि देवकाबाई पुन्हा भिंतीकडे वळल्या. खरे सांगायचे तर अर्जदाराचेही बरे चालले नव्हते. सकाळी आवारात वाकून हिंडण्याचे एक काम होते, तेही गेले. दाढी वाढली, अंघोळीचा कंटाळा येऊ लागला, भिंत त्यालाही बरी वाटू लागली.

६. काल दुपारी अर्जदाराच्या खाटेवर कोणीतरी एक ताट आणून ठेवले. मूठभर तांदूळ होता, त्यात खडे होते. त्यातला तांबूस खडा अर्जदाराने ओळखला. तो त्यानेच वेचला होता. देवकाबाई पदराची सुटलेली गाठ आवरत उभ्या होत्या. म्हणाल्या, "पाहून द्या जी, मले दिसत नाई आजकाल." त्यांना चांगले दिसते. अर्जदार उठून बसला व दुपारभर तांदूळ निसत राहिला.

७. तरी विनंती की गिरणीतला हलक्यातला हलका, खडे असलेला तांदूळ पाठवावा व सुपे परत द्यावीत. व्यवस्थापकांचा भात वेगळा शिजवावा. देवकाबाईंना नोटीस देऊ नये. आजवरचे व यापुढचे सर्व खडे अर्जदाराच्या नावावर धरावेत. निकाल काय लागायचा तो लागो, पण लवकर लागावा. वाट पाहण्याचे काम आमच्याने आता होत नाही.

आपला नम्र, व तूर्त उठून बसलेला,
टिकाराम गोमाजी बोरकर
तुमसर, दि. ११ सप्टेंबर १९८४

सोबत: नोटिशीची प्रत. पुरावा म्हणून खडे जोडणे योग्य झाले असते, परंतु जोडलेले नाहीत. ते लागतात.