माझं लाल तोंड गेल्याचं वर्तमान

वॅटल क्रीक, सोमवार, दुपारच्या चहानंतर

प्रिय मर्लताई,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो, की आता नुसता उतरताना? बिशपला (मांजराला म्हणतोय, चर्चमधल्या नव्हे) नवं औषध लागू पडलं का, तेही कळव. टास्मानियात थंडी पडली असेल. पायात मोजे घाल आणि पायऱ्यांवर शेवाळ धरलं असेल तर बाहेर पडू नकोस. इस्पितळात मुख्य परिचारिका म्हणून तू जन्मभर लोकांना हेच सांगत आलीस, त्यामुळे तुला सांगायचं कुणाला सुचत नाही, म्हणून मी सांगतो. इकडची खुशाली म्हणशील तर ऊस तोडणीला आलाय, माझी तब्येत ठणठणीत आहे, आणि नोरीन आठवडाभर माझ्याशी बोलत नाही. म्हणजे 'मीठ दे' आणि 'पाय उचल, केर काढायचाय' एवढं बोलते, पण त्याला काही संसारात बोलणं म्हणत नाहीत. फोन का केला नाही असं विचारशील. तू फोनवर तोंड दाखवायला लावतेस, आणि सध्या मी तोंड दाखवत नाही. तसं ते पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारलंय. तीच तर पंचाईत आहे.

सुरुवात झाली आमच्या बोल्सच्या (हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या) क्लबात. दर शुक्रवारी तिथे मटणाच्या परातीची सोडत असते हे तुला माहीत आहेच. पहिलं बक्षीस ती परात (चॉप्स, सॉसेज आणि मेंढीची एक अख्खी तंगडी), आणि दुसरं बक्षीस एरवी टोमॅटो सॉसची बाटली. या खेपेस मात्र मासळीच्या दुकानाला लागून जो त्वचेचा नवा दवाखाना निघालाय, त्यांनी बाटलीऐवजी कूपन ठेवलं होतं. तोंडावर उजेड मारून उन्हाचे डाग आणि लाली घालवायच्या तीन बैठका. परात लागली वॉली पेटिफरला (पत्त्यांतला माझा जोडीदार, मागल्या खेपेला तुझ्या खुर्चीवर बसून ती मोडली तो), आणि कूपन मला. सगळा क्लब पोट धरून हसला. वॉली म्हणाला, 'क्लॅरीच्या तोंडाला तीन बैठका म्हणजे समुद्र पुसायला टॉवेल.' मी त्याला अर्ध्या परातीच्या बदल्यात कूपन देऊ केलं, तर म्हणाला, 'माझ्या तोंडाला काय झालंय?' त्याचं तोंड तू पाहिलंयस.

मी ते कूपन तिथेच टेबलावर ठेवून येणार होतो. पण फुकट मिळालेलं वाया घालवायचं नाही, हा नोरीनच्या माहेरचा धर्म आहे. त्यांच्याकडे एकदा घोड्याच्या मलमाचा डबा फुकट आला, तर घोडा नसताना सगळ्या घरानं तो लावून संपवला. तिनं मला न्हाणीघरातल्या आरशापुढे उभं केलं, शेजारी स्वतः उभी राहिली (तिचेही गाल काही कमी लाल नाहीत, उसाच्या बांधावर माझ्याइतकीच राबलीय), आणि दोन्ही तोंडं नीट पाहून म्हणाली, 'तुझं जास्त वाईट आहे. तू जा.'

ताई, माझं तोंड कसं होतं ते तुला सांगायला नको. लहानपणी नाक भाजलं की आई त्यावर लोणी चोपडायची आणि पुन्हा उन्हात खेळायला सोडायची, म्हणजे उरलेलं तळून निघे. पुढे जन्म गेला ऊसतोडणी यंत्रावर. मी आल्याच्या सरबतापलीकडे काही पीत नाही, पण माझं नाक पाहून यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही. नवे पाद्री आले तेव्हा पहिल्याच रविवारी त्यांनी माझ्या हातात दारूच्या दुष्परिणामांवरचं पत्रक ठेवलं आणि खांदा थोपटला. मीही रागावलो नाही. लाल तोंडाचे काही फायदे असतात, पण ते असेपर्यंत कळत नाहीत.

दवाखान्यात आधी एका डॉक्टरनं भिंग लावून एकेक डाग तपासला, यातला कुठला वाईट वळणाचा नाही ना म्हणून. मग टेगन नावाच्या तरुण परिचारिकेच्या ताब्यात दिलं. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, 'काका, गाडी पुष्कळ चालवलीत ना?' मी म्हटलं, तुला कसं कळलं? तर म्हणे उजव्या गालावर डाग दुप्पट आहेत, खिडकीकडची बाजू. मी बाहेर आलो आणि मासळीच्या दुकानापुढे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं, तर खरंच सांगतो, सगळ्यांचे उजवे गाल करपलेले. इतकी वर्षं या गावात राहतोय, कधी लक्षात आलं नव्हतं.

टेगननं सांगितलं की बैठकीच्या आधी महिनाभर आणि सगळं संपेपर्यंत तोंडाला ऊन लागता कामा नये. हे तुमच्या टास्मानियात सांगणं ठीक आहे. इथे उन्हाशिवाय दुसरं आहे काय? मी नोरीनची चर्चला जायची टोपी घातली (जाळीची, मागे फीत असलेली) आणि गाडीच्या उजव्या खिडकीला उशीचा अभ्रा टांगला. दुसऱ्याच दिवशी पोलिसानं गाडी थांबवली, आत डोकावला, टोपी पाहिली, अभ्रा पाहिला, आणि 'सावकाश जा मावशी' म्हणून सोडून दिलं. मी मिशीला ताव दिला, तरी त्याला काही फरक पडला नाही.

मिशीवरून आठवलं. टेगन म्हणाली होती, 'मिशी काढून या, या उजेडानं केसांची मुळं मरतात.' मी म्हटलं, बाई, ही मिशी माझ्या लग्नाच्या फोटोत आहे. तेव्हा तिनं मिशीवर पांढरी पट्टी ठेवली, डोळ्यांवर काळा चष्मा चढवला, गालाला थंडगार चिकट काहीतरी फासलं आणि यंत्र टेकवलं. मिटल्या डोळ्यांतसुद्धा वीज चमकली, रबर ताणून गालावर सोडल्यासारखा चटका बसला, आणि मी शिंकलो. पट्टी सरकली. त्या वेळी कुणालाच काही कळलं नाही, नुसता कोंबडी भाजल्याचा वास आला. पुढे पंधरवड्यात उजवीकडची मिशी हळूहळू गळून पडली आणि डावीकडची जागच्या जागी राहिली. शेवटी तीही काढावी लागली. मिशीखालच्या कातडीला उन्हाचा स्पर्शही झालेला नाही, त्यामुळे नाकाखाली खडूनं रेघ ओढल्यासारखं दिसतं. नोरीन म्हणाली, 'छान, राजबिंडा दिसतोस.' बिचारी. मनाला बरं वाटलं.

डागांचं म्हणशील तर ते आधी कॉफीच्या चोथ्यासारखे काळे झाले, आणि मग आठवडाभरात उशीवर गळू लागले. लाली तिसऱ्या बैठकीनंतर गेली. ताई, मी गोरा आहे. न्हाव्यानं मला नाव विचारलं. पाद्रीबाबांनी सर्वांदेखत अभिनंदन केलं, दारू सुटल्याबद्दल. मी आभार मानले, कारण न प्यालेली दारू सुटली तर ती पुन्हा धरायची भीती नसते.

आणि मग पहिला घोटाळा झाला तो पत्त्यांत. हातात चांगली पानं नसताना चांगली असल्याचा आव आणला की माझी मान तापायची. पूर्वीही तापत असेल, पण लाल भिंतीवर लाल डाग कुणाला दिसतो? आता ती लाली कॉलरमधून वर चढताना खोलीभर दिसते. समोरचे दोघे पत्त्यांकडे पाहतच नाहीत, माझ्या गळ्याकडे पाहून खेळतात. लागोपाठ तीन शुक्रवार आम्ही हरलो. वॉली म्हणाला, 'तुझ्यापेक्षा तुझं आधीचं तोंड बरं खेळायचं.'

तरी मला अक्कल आली नाही. गेल्या रविवारी नोरीननं केक कापला. कृषी प्रदर्शनात ठेवायचा तोच, आपल्या आईच्या कृतीचा, सुक्या मेव्याचा. दरवर्षी ती आधी एक करून बघते, मी चाखून 'अप्रतिम' म्हणतो, ती तो प्रदर्शनात ठेवते, बक्षीस मिळत नाही, आणि मी परीक्षकांना जीभ नाही असं म्हणतो. लग्नापासून हे असंच सुरळीत चाललंय. केक कसा असतो म्हणशील, तर गाडीच्या चाकाखाली लावायला उपयोगी पडेल असा असतो. (आईचाही असाच व्हायचा, पण आईला कोण सांगणार?) तर व्हरांड्यात लख्ख उजेडात आम्ही बसलो होतो. मी घास चावला, गिळला, चहा प्यालो, पुन्हा गिळला, आणि म्हटलं, 'अप्रतिम.'

नोरीननं किटली खाली ठेवली. 'पुन्हा म्हण,' म्हणाली. मी पुन्हा म्हटलं. मला माझी हनुवटी तापलेली कळत होती. ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. माझा हिरवा झगा कसा आहे, म्हणाली. मी म्हटलं, शोभतो. माझ्या बहिणीचं गाणं? मी म्हटलं, गोड आहे. तिनं मान हलवली, जणू थर्मामीटर वाचतेय. मग तिनं तिकडे उसाकडे पाहिलं, आणि एकदम म्हणाली, 'आज सगळं पहिल्यापासून सुरू करायचं असतं, तर केलं असतंस माझ्याशी लग्न?'

मी म्हटलं, केलं असतं. आणि ताई, माझं तोंड असं पेटलं की डोळ्यांत पाणी आलं. नोरीननं माझ्याकडे नीट पाहिलं, कपबश्या उचलल्या आणि आत गेली. त्यानंतर भट्टी बंद. प्रदर्शनातलं नाव तिनं काढून घेतलं. माझं पितळ उघडं पडलं असतं तर समजू शकलो असतो, पण शेवटचं ते खरं होतं गं. देवाशपथ खरं होतं. असलं काही आम्ही कधी एकमेकांना विचारत नाही, वेळही नसतो आणि इथे तशी रीतही नाही, म्हणून मी लाजलो. लाजलो म्हणून लाल झालो, आणि तिला वाटलं खोटं बोललो. आता कितीही सांगायला गेलो तरी पुन्हा लाल होतो. मला घरात करमत नाही. ती समोर बसून विणकाम करते आणि मी तोंडावर वर्तमानपत्र धरून बसतो, उलटंसुद्धा.

असो. तुझ्या तब्येतीला जप. बिशपला माझा लोभ सांग.

तुझा भाऊ,
क्लॅरी

ता.क. खरं काम सांगायचं राहिलंच. नोरीन माझं ऐकत नाही, डॉक्टरांचं ऐकत नाही, पण वैद्यकीय बाबतीत तुझा शब्द तिला बायबलासारखा. तेव्हा तू तिला वेगळं पत्र लिही, की या उजेडाच्या उपचारानंतर तोंड सहा महिने आपोआप लाल होतं, खरं बोलताना तर जास्तच होतं, आणि सुकी द्राक्षं पोटात गेली तर विचारूच नका. असं काही नसलं तरी लिही. लहानपणी खिडकी फोडून माझं नाव सांगताना तुझा चेहरा हललासुद्धा नव्हता.

पुन्हा ता.क. या पत्राचा तिला पत्ता लागता कामा नये. तिकीट आणायला टपाल कचेरीत चाललोय, तोवर हे किटलीखाली ठेवतो.

मर्ल, नोरीन लिहितेय. चहा करायचा म्हणून किटली उचलली. वेगळं पत्र लिहायचे कष्ट घेऊ नकोस. हा खोटं बोलला की लाली कॉलरपासून वर चढते. शेवटच्या प्रश्नाला त्याचे कान आधी पेटले आणि तिथून ती खाली आली. साखर कारखान्याच्या हॉलमधल्या नाचाला त्यानं मला लग्नाचं विचारलं तेव्हाही कानांपासूनच सुरू झाली होती. तेव्हा त्याचं तोंड उन्हानं रापलेलं नव्हतं, म्हणून दिसली. त्यानंतर आत्ताच पाहिली. कपबश्या घेऊन आत गेले ती रडायला गेले होते, आणि आठवडाभर बोलले नाही ती केकवरून. तो केक मलाही आवडत नाही. सुकी द्राक्षं मला लहानपणापासून सोसत नाहीत. त्याच्या आईचा केक, त्याला आवडतो, म्हणून जन्मभर भाजत बसले. आज भट्टीत मटणाची तंगडी आहे, वॉलीच्या फ्रीजरमधून आणली.

टेगन म्हणाली, तुम्हीही या, तुमचेही गाल उजळून देते. मी नको म्हटलं. मिशी गेल्यापासून तो सोललेल्या बटाट्यासारखा दिसतो, आणि राजबिंडा दिसतोस असं मला त्याला अजून पुष्कळ वर्षं सांगायचंय. घरात एक खरं बोलणारं तोंड पुरे.